पावतीवरची माणसं

माणूस गेल्यावर मागे नेमकं काय उरतं, याबद्दल कीर्तनकारांपासून विमा एजंटांपर्यंत अनेकांनी आपापली मतं सांगितली आहेत. पण माझ्या चुलत सासऱ्यांइतकं ठाम उत्तर मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. त्यांच्या मते माणूस गेल्यावर मागे पावती उरते. आत्माही उरत असेल, त्याला त्यांची हरकत नाही. फक्त त्याच्यावर तारीख नसते, शिक्का नसतो आणि सही तर नसतेच, त्यामुळे तो त्यांच्या कामाचा नाही.

काका म्हणजे माझ्या बायकोच्या वडिलांचे धाकटे भाऊ. साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत ते वसुली अधिकारी होते. लोकांच्या दारात उभं राहून "घरात कोण आहे का" असं विचारण्यात त्यांची सारी नोकरी सरली आणि निवृत्त झाल्यावर तोच प्रश्न ते मेलेल्या माणसांच्या दारात उभं राहून विचारू लागले. घराण्याची वंशावळ तयार करायची असं त्यांनी मनावर घेतलं. इतर लोक यासाठी पिढ्यांची नावं सांगत फिरणाऱ्या हेळव्याला बोलावतात, गावातल्या म्हाताऱ्यांपाशी बसतात. काकांचा म्हाताऱ्या माणसांवर काडीचा विश्वास नव्हता, स्वतः त्यांच्यात जमा होऊनही. "तोंडी माहिती म्हणजे विनातारण कर्ज," ते म्हणायचे. "दिसायला मोठं आणि हाताला काही लागत नाही." म्हणून त्यांनी शेतसाऱ्याच्या पावत्या, सोसायटीची पासबुकं, सराफाच्या चिठ्ठ्या, बैलबाजारातले दाखले आणि कुणाच्या तरी लग्नातल्या बँडवाल्याचं बिल असा दारूगोळा जमवायला सुरुवात केली. हा दारूगोळा घरातल्या एकुलत्या एका लोखंडी कपाटात राहू लागला आणि काकूंच्या साड्या एकेक कप्पा सोडत माघार घेऊ लागल्या. "माझ्या लग्नाच्या शालूवर ह्यांच्या आज्याचा शेतसारा बसलाय," काकू येईल त्याला सांगायच्या. "आज्यानं भरला तवा भरला, आता मी भरती."

काकांना मयताला न्यायचं म्हणजे घरच्यांना जोखीम वाटायची. ते रीतसर पांढरा सदरा घालून येत, चेहरा उतरवून बसत, चार माणसांसारखे सुस्कारेही टाकत. पण त्यांची नजर कोपऱ्यातल्या ट्रंकेवरून हलत नसे. एकदा लांबच्या एका नात्यातले गृहस्थ वारले, तेव्हा त्यांनी थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि अतिशय हळुवार आवाजात विचारलं, "जुनं पासबुक कुठं ठेवायचे रं ते?" थोरल्याला वाटलं, धाकट्यानं यांना पाठवलंय. धाकट्याला वाटलं, थोरल्यानं आधीच यांना काहीतरी दाखवलंय. दहाव्याच्या आत दोघांच्या चुली वेगळ्या झाल्या. मला वाटलं, काकांना याचं वाईट वाटेल. "वाईट कसलं, जावईबापू," ते म्हणाले, "आता वाटणीपत्र होईल. पुढच्या पिढीला एक नवा कागद मिळाला."

कागदावरून माणूस उभा करण्याची त्यांची हातोटी मात्र थक्क करणारी होती. शेतसारा कायम शेवटच्या दिवशी भरलाय, म्हणजे पणजोबा हट्टी. सोसायटीचं खत दर वर्षी शेजाऱ्याच्या जामिनावर उचललंय, म्हणजे पणजोबा गोड बोलणारे. हे दोन पणजोबा एकच होते, ही अडचण त्यांना कधी जाणवली नाही. एका सराफाच्या चिठ्ठ्यांत त्यांना एकाच वर्षात केलेली दोन मंगळसूत्रं सापडली. त्यावरून त्यांनी त्या घरातल्या आजोबांना दुसरी बायको होती असं अनुमान काढलं आणि भर बारशात, पाळण्याची दोरी हातात असताना, जाहीरही केलं. बारसं बाजूला राहिलं. नंतर त्या घरातल्या म्हातारीनं शपथेवर सांगितलं की पहिलं मंगळसूत्र पाणी शेंदताना विहिरीत पडलं होतं. काकांनी तिची मनापासून माफी मागितली आणि घरी आल्यावर मला म्हणाले, "विहिरीत पडल्याचा पुरावा काय?"

माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या घरी जमीन नाही, त्यामुळे जमिनीचा कागद नाही. वडील कोरेगावात दुसऱ्याच्या गिरणीवर काम करायचे, आणि सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मुलीकडची मंडळी मुलगा बघायला आली, चहा झाला, आणि काकांनी माझ्या वडिलांना कागदपत्रांबद्दल विचारलं. वडील घाबरले. आत जाऊन त्यांनी एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. तिच्यात माझ्या बालवाडीपासूनच्या फीच्या पावत्या होत्या, एकही न हरवलेली. काकांनी त्या एकेक करून उलटून पाहिल्या. कॉलेजच्या पावत्या आल्या तेव्हा चष्मा पुसला. मग बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "घराणं चांगलं आहे." आमच्या घराला घराणं म्हणणारे ते पहिले गृहस्थ. तेव्हापासून त्यांनी मला कुठेही नेलं तरी मी मुकाट्यानं जातो, त्याचं कारण हे आहे.

असं मुकाट्यानं जाणं मला सांगलीपर्यंत घेऊन गेलं.

काकांचे वडील लष्करात होते. त्यांच्या ट्रंकेतून मनिऑर्डरच्या पोचपावत्यांचा एक जुडगा निघाला. पैसे मिळाल्याची सही होऊन पाठवणाऱ्याकडे परत येतो तो कागदाचा तुकडा. दर वर्षी एक, वर्षानुवर्षं. कधी अंबाल्याहून, कधी जालंधरहून, निवृत्तीनंतर साताऱ्याहून. घेणारी कुणी सौ. पद्मावती, द्वारा सांगलीच्या हळदपेठेतला एक जैन व्यापारी. रक्कम आधी पाच रुपये, पुढे अकरा, मग एकवीस. काका दोन दिवस जेवले नाहीत. ज्या बापानं आयुष्यात कुणाकडून काडेपेटी उसनी घेतली नाही, तो सांगलीच्या सावकाराचे हप्ते फेडत होता, आणि घरात कुणाला पत्ता नाही. मी भीत भीत म्हटलं, "काका, पैसे घेणारी बाई आहे." त्यावर त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "बायकोच्या नावावर सावकारी करायची जुनी रीत आहे. आधी अंगठा आहे, पुढं सही आहे, म्हणजे मध्ये खातं दुसऱ्या बाईच्या नावावर फिरवलंय. असले लय बघितलेत मी." आणि अकरातला वरचा एक रुपया? "दंडव्याज," काका म्हणाले.

त्यांना खुपत होती ती एकच गोष्ट. कर्ज फिटल्याचा दाखला त्या ट्रंकेत नव्हता. बाप कर्जात मेला की मोकळा होऊन मेला, हे कळल्याशिवाय वंशावळीत त्यांचं नाव कुठल्या शाईनं लिहायचं, असा काकांपुढे प्रश्न होता. तेव्हा आम्ही सांगलीला गेलो.

पेठेत ते दुकान अजून होतं. गादीवर बसलेले शेठ मूळ व्यापाऱ्याचे पुतणे निघाले. काकांनी पिशवी मांडीवर ठेवून "जुना व्यवहार आहे" एवढं म्हटल्याबरोबर शेठ सावध झाले आणि त्यांनी चहा मागवला. पुढचा अर्धा तास मी दोन हुशार माणसांना एकमेकांना घाबरताना पाहिलं.

"आमचं काही निघत नाही ना तुमच्याकडं?" काकांनी विचारलं. त्यांना म्हणायचं होतं की आमच्याकडून काही येणं बाकी नाही ना. इतकी वर्षं वसुली केलेल्या माणसाची जीभ ऐनवेळी जुन्या वळणावर गेली.

"तुमचं निघतंय म्हणता?" शेठ म्हणाले. "कागद दाखवा की मग."

"कागद आहेत. दर वर्षी पैसे आलेत तुमच्या पत्त्यावर."

"आलेले पैसे परत मागायला आलाय व्हय?"

"परत नाही हो. उलट राहिले असतील तर द्यायला आलोय."

पेठेत स्वतःहून पैसे द्यायला आलेला माणूस शेठनी पाहिलेला नसावा. त्यांचा संशय दुप्पट झाला. "थोरल्या काकांचं घर ते. ते कवाच वेगळे झाले," ते घाईनं म्हणाले. "त्यांचा मुलगा कुपवाडला असतो, त्याचं वर्कशॉप हाय तिथं. आमचा काय संबंध न्हाई." निघताना त्यांनी आम्हाला हळदीचं एक पाकीट दिलं. दुकानाच्या पायरीवर काकांनी त्याची पावती मागितली.

घरी आल्यावर काकांनी सगळा वृत्तान्त काकूंना सांगितला. काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी ओला हात पदराला पुसला आणि त्या पोचपावत्या पहिल्यांदाच हातात घेतल्या. पोस्टाचे शिक्के वाचायला त्यांना वेळ लागला, पण त्यांनी सगळे वाचले.

"आवं," त्या म्हणाल्या, "ह्या समद्या दिवाळीच्या हायती."

"सुगी झाल्यावर हप्ता भरतात."

"मिल्ट्रीतल्या माणसाची कसली सुगी? आन् अकरा रुपयांचा हप्ता कुठल्या ब्यांकेत असतो? वरचा रुपया कुणी कर्जाला देतं का?" काकूंनी पावत्या काकांच्या मांडीवर ठेवल्या. "भाऊबीज हाय ती. तुमाला बहीण न्हाई, कवा कुणाच्या ताटात ओवाळणी टाकली न्हाई, म्हणून कळलं न्हाई." आणि त्या पुन्हा भाजी निवडू लागल्या.

काका पावत्यांवरचे शिक्के पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. इतकी वर्षं रोज पैसे मोजलेल्या माणसाला पैसे प्रेमानंही पाठवले जातात हे सुचलं नव्हतं, याबद्दल मी त्यांना हसणार होतो. पण ते मलाही सुचलं नव्हतं.

आता घराण्यात एक आत्या वाढली होती, आणि ती अत्यंत गैरसोयीच्या वेळी वाढली होती. शिरवळजवळची आमच्या सासरची सामाईक जमीन एका कंपनीला गोदामासाठी हवी होती. हा व्यवहार काकांचे थोरले चुलत भाऊ बघत होते. त्यांना सगळे आबा म्हणतात. वय पंच्याऐंशीच्या घरात, आवाज मात्र अजून शिवारभर पोचणारा. कंपनीला वंशावळीचं प्रतिज्ञापत्र पाहिजे होतं, आणि त्याच्या शेवटी "वर नमूद केल्याखेरीज अन्य कोणीही वारस नाही" असं वाक्य होतं. त्याखाली सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, माझ्या बायकोचीही. राहिली होती ती काकांची. दरम्यान आमच्या नातेवाइकांनी अजून न मिळालेल्या पैशातून पुण्यात एक फ्लॅट बुक केला होता, एका जेसीबीचा इसार दिला होता आणि एका मुलाला परदेशी शिकायलाही पाठवून दिलं होतं. निदान बोलण्यात तरी तो विमानात बसला होता.

काकांनी आबांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"आबा, आपल्याला कुणी आत्या होती का?"

पलीकडे आबांनी कुणाला तरी पंखा बंद करायला सांगितला. मग आबा म्हणाले, "असली कुणी न्हाई. तुमी सही करा."

फोन ठेवल्यावर काका मला म्हणाले, "नसलेल्या माणसाला 'असली' म्हणत नाहीत, जावईबापू."

त्यानंतरचा महिना काकांनी कसा काढला ते मी पाहिलं आहे. पुतण्यांनी येणं बंद केलं. लग्नपत्रिका यायच्या बंद झाल्या. एका पुतण्यानं तर व्हॉट्सअॅपच्या कुलसमूहातून त्यांना काढून टाकलं, जो समूह काकांनीच सुरू केला होता. कंपनीच्या माणसानं मुदत दिली. त्यानंतर कंपनी शेजारची जमीन बघणार होती. काकांच्या स्वतःच्या वाट्याला येणारे पैसे काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हवे होते, आणि तरी हा गृहस्थ सही करेना. मी समजूत घालायला गेलो. खरं सांगायचं तर मला बायकोनं पाठवलं होतं. काका म्हणाले, "मी आयुष्यभर लोकांच्या दारात जाऊन सांगितलं, तुमची सही आहे, तुम्ही नाकारू शकत नाही. आता माझ्या बापानं दर दिवाळीला जिची सही मागवून जपून ठेवली, ती बाई नाही म्हणून मी सही कशी करू?" काकू आतून म्हणाल्या, "गुडघा माझा हाय. माझं काय म्हणणं न्हाई."

तेव्हा आम्ही कुपवाडला गेलो. वर्कशॉपचे मालक सत्तरी ओलांडलेले, अंगानं बारीक, कपाळावर गंध, हात ऑइलनं काळे. लेथ बंद करून त्यांनी आम्हाला पत्र्याच्या खुर्च्या दिल्या. काकांनी पोचपावत्या त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी हात पुसले, पुन्हा पुसले, आणि बोटानं न शिवता नुसतं वाकून पाहिलं.

"हा आईचा अंगठा," ते म्हणाले. "आन् ही सही. मी पहिलीत हुतो तवा माझ्याच पाटीवर शिकली. मामाला कळू दे म्हणायची, बहीण आता अंगठेबहाद्दर न्हाई."

त्यांचे वडील औंधला यमाईच्या यात्रेत हळद-कुंकवाचं दुकान लावायचे. तिथे दोघांची गाठ पडली, आणि घरच्यांना न विचारता ती त्यांच्याबरोबर सांगलीला आली, ती आलीच. पद्मावती हे सासरचं नाव. माहेरचं नाव तिनं कधी सांगितलं नाही. माहेरचा फक्त एक भाऊ होता, आणि तो दिवाळीतून एकदा पोस्टमनच्या रूपानं यायचा.

"मग एका साली मनिऑर्डर आली न्हाई," ते म्हणाले. "आई म्हणाली, रागावला असंल. फुडच्या साली म्हणाली, पत्ता चुकला असंल. ओवाळायचं ताट मात्र करून ठेवायची. गेला असंल, असं ती कवाच बोलली न्हाई."

"त्या श्रावणात गेले ते," काका म्हणाले.

"आमाला कुणी कळवलं न्हाई."

"आम्हाला तुम्ही आहात हेच कुणी सांगितलं नव्हतं."

शेजारच्या शेडमध्ये कुणीतरी पत्रा कापत होतं. तो आवाज थांबल्यावर मालकांनी चहा सांगितला. मग काकांनी जमिनीचं सगळं सांगितलं, काही न लपवता, त्यांच्या वाट्याला काय येऊ शकतं तेही. जमिनीचा व्यवहार बघणाऱ्या वकिलानं अगदी हेच सांगू नका म्हणून बजावलं होतं. मालकांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, आता जेसीबी गेला.

"जमीन मी काय करू?" ते म्हणाले. "हक्कसोडपत्रावर सही देतो, एक पैसा नको. पर आदी आईचं नाव वंशावळीत लावा. नाव न्हाई तर हक्क कुणाचा सोडू?"

असा मुद्दा वकिलालाही सुचला नव्हता. नातेवाइकांना ही बातमी कळली तेव्हा सगळ्यांना एकदम आत्याबद्दल जिव्हाळा वाटू लागला. काकांना कुलसमूहात परत घेण्यात आलं आणि एकानं तर "आत्या हा घराचा मान असतो" असा संदेश फुलांच्या चित्रासह पाठवला. आबांनी मात्र काहीच कळवलं नाही.

शिरवळला वकिलाच्या टेबलाभोवती आम्ही जमलो तेव्हा आबा सगळ्यांच्या आधी येऊन कोपऱ्यात बसले होते, फेटा मांडीवर ठेवून. कुपवाडचे मालक दाराजवळच्या खुर्चीवर टेकले. त्यांनी आणि आबांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. वकिलानं प्रतिज्ञापत्र पुन्हा टाइप करायला घेतलं. आजोबांचं नाव आलं, दोन मुलगे आले. वकील थांबला.

"मुलीचं माहेरचं नाव काय लिहू?"

काकांनी पिशवी उघडली. पावत्या काढल्या, पासबुकं काढली, वडिलांचं पेन्शनचं पुस्तक काढलं, सगळं टेबलावर पसरलं. मी त्यांना कागदासमोर असं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं. सगळीकडे पद्मावती होती. तिच्या आधीची मुलगी कुठल्याच कागदावर नव्हती. वकिलानं घड्याळ पाहिलं. पुतण्यांपैकी कुणीतरी सुचवलं, "घाला की कायबी. लक्ष्मी घाला."

"सुंदरा," आबा म्हणाले.

ते कुणाकडेच बघत नव्हते. "मला कडंवर घेऊन ओढ्याला न्यायची. नाव घ्यायचं न्हाई म्हणून आमच्या दादांनी, माझ्या बापानं, दम दिला हुता. तवा मी सात-आठ वर्साचा. दादा गेले, समदे गेले. तरी मी पाळत बसलो."

वकिलानं टाइप केलं आणि सवयीनं वाचून दाखवलं, "सुंदराबाई."

"बाई नको," आबा म्हणाले. "ह्या घरातनं गेली तवा ती नुस्ती सुंदरा हुती."

वकिलानं शेवटचं अक्षर खोडलं, त्याच्या आधीचंही खोडलं. काकांनी खिशातून पेन काढलं, पण सही करायला पुढे न होता ते दाराकडे बघत राहिले. तिथे कुपवाडचा तो म्हातारा माणूस खुर्चीतून अर्धा उठला होता. बाहेर हायवेवरून ट्रक चालले होते. त्यांच्या आवाजात ऐकू आलं नसेल, किंवा आलंही असेल. त्यानं कानामागे हात धरला.

"काय म्हणालासा?"

आबांनी मान वर करून त्याच्याकडे पहिल्यांदा पाहिलं, आणि ते नाव पुन्हा एकदा घेतलं.